बाभळीचा काटा

कौतिक पाटलाच्या कुत्र्याचं नाव जबऱ्या. जांभुळझिऱ्यात पोर रडायला लागलं की आया वाघाचं भय दाखवत नसत, जबऱ्याचं दाखवत. चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला कौतिकचा केळीचा मळा होता आणि मळ्याच्या तोंडाशीच, कडुनिंबाला, हा कुत्रा साखळीने बांधलेला असे. वासराएवढं धूड, मानेवरचे केस कायम उभे. कौतिक त्याला मधूनच एखादा दिवस उपाशी ठेवी आणि दुसऱ्या दिवशी ठेच्यात कालवलेली भाकर घाली. त्याने जनावराचं डोकं तापतं म्हणे. चार वर्षांत जबऱ्याने अकरा माणसं फोडली होती आणि त्या अकरांची नावं कौतिकला तोंडपाठ होती. पाव्हणा आला की चहाबरोबर तो ती नावं ऐकवी.

लग्नाला नऊ वर्षं होऊन त्याची बायको प्रमिलाबाई हिला मूलबाळ नव्हतं. त्यावर कौतिकचा एक ठरलेला विनोद होता. "मन्हा घर दोन जनावरं शेतस," तो म्हणे, "एक बांधेल, एक मोकळं." मोकळं म्हणजे ती. ऐकणारे हसत. प्रमिलाबाई चुलीपाशी बसून भाकरी थापत राही.

एकदा ती न विचारता अडावदला माहेरी जाऊन आली. परतली तेव्हा जबऱ्याला मळ्यातून घरी आणून कौतिक अंगणात खाट टाकून बसला होता. त्याने तिला जबऱ्याची साखळी जिथे संपते तिथून हातभर पुढे उभं केलं आणि सांगितलं, हलायचं नाही. दुपार उतरेपर्यंत ती तिथे उभी होती. कुत्रा झेप घ्यायचा, साखळी ताणली जायची, त्याच्या तोंडचा फेस तिच्या लुगड्यावर उडायचा. सासू सुंदरबाई ओसरीत बसलेली. तिने पाठ फिरवली आणि मांडीवरच्या मांजरीला कुरवाळत राहिली.

ती मांजर म्हणजे मनी. पांढरी, कानाशी पिवळा डाग. म्हातारीचा सारा जीव तिच्यात. ताटातला पहिला घास मनीचा. "कुत्रं धनीनं ऱ्हास, मांजर घरनं ऱ्हास," असं ती म्हणे. कौतिकला मांजरीचा तिटकारा होता. नुसतं खाणारं आणि कोणाला न भेवडावणारं जनावर कशाला पोसायचं, हे त्याला कळत नसे.

शहाऐंशी सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. डोंगरपायथ्याच्या पाड्यावरची नानीबाई बकऱ्यांसाठी बांधावरचं गवत कापायला आली. दरवर्षी येई. त्या दिवशी कौतिकसोबत त्याचे दोन दोस्त होते, अभिमन आणि बन्सीलाल. कौतिकने साखळी सोडली. सोडली म्हणजे हातातून निसटली असं तो नंतर म्हणाला, पण प्रमिलाबाई विहिरीवर होती आणि तिने त्याची बोटं पाहिली होती. जबऱ्याने नानीबाईला पोटरीला धरलं, पाडलं, आणि कौतिकने हाक मारेपर्यंत झिंजाडत राहिला. मांसाचा लचका लोंबत होता. कौतिक म्हणाला, "आते बारा झाया."

जखमेत तिखट भर, असं सांगून तो दोस्तांबरोबर गावात गेला. प्रमिलाबाईने तिखट भरलं नाही. जुन्या धोतराची पट्टी बांधली, नानीबाईला उठवलं, आणि बाजाराचं निमित्त सांगून तिला एसटीने चोपड्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. आयुष्यात तिने स्वतःच्या मनाने केलेली ही दुसरी गोष्ट होती. पहिलीबद्दल ती दुपारभर उभी राहिली होती.

डॉक्टर तरुण होता, चष्म्याचा, भराभर बोलणारा. त्याने साबणाच्या पाण्याने जखम कितीतरी वेळ धुतली. मग नानीबाईला पोटात सुई टोचली आणि अशा चौदा घ्याव्या लागतील म्हणाला. कुत्रा दहा दिवस धडधाकट राहिला तर थांबवू, तेव्हा येऊन सांगा.

"कुत्रंच वाईट," नानीबाई कण्हत बोलली. "मांजर बरी."

डॉक्टर हसला. "मावशी, मांजर जास्त वाईट. कुत्रा आधी गुरगुरतो, अंगावर येताना दिसतो, चावला की भोक पडतं, माणूस घाबरून दवाखान्यात येतो. मांजरीचे दात सुईसारखे. वरून जखम मिटते, आत विष राहतं. आणि मांजर चावली म्हणून कोणी येतच नाही. गेल्या वर्षी एक जण आला. पाण्याचा पेला बघून किंचाळत होता. तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं." मग प्रमिलाबाईकडे वळून म्हणाला, "कुत्रं असो, मांजर असो, माकड असो. चावलं की त्याच दिवशी यायचं. आठवडाभरात तरी यायचंच. एवढं गावात सांगा."

नानीबाईला रोज सुईसाठी पाड्यावरची माणसं नेत. दहाव्या दिवशी प्रमिलाबाई पुन्हा गेली आणि जबऱ्या जिवंत आहे, भाकरी खातो, असं सांगून आली. नानीबाई सुटली. लंगडी झाली, पण सुटली.

गावात प्रमिलाबाईने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दवाखान्यात कशाला गेली होतीस, हा प्रश्न आधी आला असता.

मार्गशीर्षात मनी तीन आठवडे घरातून गायब झाली. म्हातारी "मनी, मनी" करत साऱ्या आळीत फिरली. मग एके पहाटे मांजर आपणहून आली. मानेवर जुना, अर्धवट भरलेला चावा होता, कोल्ह्याचा की मुंगसाचा कोण जाणे, केस खपलीत चिकटलेले. म्हातारीने हळद लावली. मनीने दूध हुंगलं नाही. कणगीमागच्या अंधारात जाऊन बसली आणि जवळ गेलं की असा काही आवाज काढू लागली की प्रमिलाबाई दोन पावलं मागे सरली. म्हातारी म्हणाली, "दुखस तिले. ऱ्हाऊ दे."

त्याच दिवशी सकाळी अंगणात कौतिक, अभिमन आणि बन्सीलाल बसले होते. जबऱ्याला मळ्यातून घरी आणून खांबाला बांधलं होतं. बोलता बोलता बन्सीलालच्या तोंडून गेलं की त्याच्या मामाकडची मांजर एकदा कुत्र्याच्या डोळ्यावर गेली आणि कुत्रा आंधळा झाला. झालं. कौतिकला ते लागलं.

"मांजर? कुत्राले?"

"व्हय रे. मांजर कोपऱ्यात धरी की वाघीण व्हस."

"थांब. दखाडस तुले," म्हणत कौतिक उठला आणि आत गेला. म्हातारी "नको रे, ती आजारी शे" म्हणत त्याच्या मागे धावली. त्याने कणगी हलवली, हात घालून मनीला मानगुटीला धरून ओढून काढलं आणि अंगणात आणलं. मांजर त्याच्या मुठीत वाकडीतिकडी होत होती, तिच्या तोंडातून लाळेची तार लोंबत होती. जबऱ्यासमोर चार हातांवर त्याने ती धरली. "घे रे," तो म्हणाला.

आणि गावभर माणसं फोडणारा जबऱ्या मागे सरकला. शेपूट पायांत घालून खांबाला जाऊन भिडला आणि कुंई कुंई करू लागला.

अभिमन हसला. नुसताच एक फुसकन आवाज आला त्याच्या नाकातून, पण तो कौतिकने ऐकला. त्याने मान वळवली, तेवढ्यात मनी उलटली. तिने त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी दात रुतवले. तो ओरडला, हात झटकला, आणि तशी ती त्याच्या तोंडावर गेली. वरचा ओठ तिच्या दातांत होता आणि चारही पाय त्याच्या गालांत. बन्सीलालने कुऱ्हाडीच्या दांड्याने तिला पाडलं. कौतिकने तिला शेपटीने उचलून धुण्याच्या दगडावर आपटलं. एकदा, दोनदा, मग मोजता येणार नाही इतक्यांदा. म्हातारी ओसरीच्या पायरीवर तोंडावर पदर धरून बसली होती. मग त्याने साखळीचं टोक हातात घेतलं आणि जबऱ्याला मारलं. कुत्रा ओरडेनासा होऊन नुसता धापा टाकू लागला तेव्हा तो थांबला.

रक्त पुसून झाल्यावर त्याने दोस्तांना समोर बसवलं. "गावमा कोनी ईचारं ते काय सांगशात?"

बन्सीलालने कुऱ्हाड भिंतीला टेकवली.

"बाभयना काटा लागना," कौतिक म्हणाला. "कुंपण करता करता. समजनं?" मग दाराकडे बघून प्रमिलाबाईला, "तुले बी समजनं का?"

तिला समजलं.

दुपारी तो ओसरीत एकटा पडलेला असताना ती पाणी घेऊन गेली. गालांवर ओरखडे होते, ओठ सुजला होता, पण दातांच्या खुणा बारीक, टाचणी टोचल्यासारख्या. अंगठ्यावर तर दोन लाल ठिपके, बस. जबऱ्याने नानीबाईची पोटरी कशी केली होती, ते तिला आठवलं.

"तुम्हीन चोपड्याले दवाखानामा जा," ती म्हणाली. "सुया घेना पडतीस. मांजरनं कुत्रापेक्षा वाईट ऱ्हास."

कौतिकने डोळे उघडले. "तुले कोनी सांगं?"

 खोटं सुचायला जो क्षण लागतो तो तिला सापडला नाही. "डॉक्टरनी," ती म्हणाली.

"कोनता डॉक्टर? कोठे गयथी तू?"

मग नानीबाईचं सगळं निघालं. बाजाराचं निमित्त, एसटी, दहाव्या दिवसाची दुसरी खेप. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी म्हणाला, "म्हंजे मन्हा कुत्राना न्याव तू दवाखानामा कराले गयथी." जबऱ्याला मारलेली साखळी अजून खांबापाशी पडली होती. तीच त्याने उचलली.

तीन दिवस प्रमिलाबाई कुशीवर झोपू शकली नाही. चौथ्या दिवशी उठून कामाला लागली. तेव्हा तिच्या मनात आलं, अजून वेळ आहे. डॉक्टर आठवडा म्हणाला होता. कौतिक समोर बसून भाकरी खात होता, ओठाची सूज उतरू लागली होती, अंगठ्यावरचे ठिपके दिसेनासे झाले होते. ती त्याच्या पुढ्यात भाजी वाढत होती आणि वाक्य तिच्या जिभेवर होतं. तो म्हणाला, "मीठ कमी शे." तिने मीठ आणून दिलं.

पाचव्या दिवशी तिचा दीर निंबा आला. तो जळगावला पिंप्राळ्यात राही, कचेरीत कारकून होता, शिकलेला आणि स्वभावाने मऊ. भावाचं ऐकत नसे, भांडून का होईना त्याला ओढत दवाखान्यात नेऊ शकेल असा घरात तो एकटाच माणूस होता. वाटेत मळ्याशी कौतिक त्याला घाईत भेटला होता. निंबा चुलीपाशी चहा घेत बसला.

"वहिनी, भाऊच्या ओठाला, गालांना काय झालंय?"

म्हातारी शेजारच्या घरी जात्यावर होती. घरात दुसरं कोणी नव्हतं. प्रमिलाबाईच्या पाठीवरचे वळ अजून ठणकत होते आणि पदर त्यावर घासत होता.

"बाभळीचा काटा लागला," ती म्हणाली.

"काटा? चांगलाच लागलेला दिसतो."

"हो. कुंपण करताना."

निंबाने चहा संपवला, कपबशी विसळून ठेवली, आणि संध्याकाळच्या गाडीने तो परत गेला. ती त्याला फाट्यापर्यंत पोचवायला गेली होती. मध्ये पाऊण कोस रस्ता होता. तो भाचीच्या लग्नाचं बोलत होता आणि ती हूं हूं करत होती. एसटी आली, तो चढला, ती उभी राहिली. गाडीची धूळ बसली तेव्हा तिला जाणवलं की आपण बोललो नाही ते भीतीने नाही.

त्यानंतर ती दिवस मोजत नव्हती. पण कोणी विचारलं असतं तर कितवा दिवस ते तिने झोपेतूनही सांगितलं असतं.

तेविसाव्या दिवशी कौतिक म्हणाला, ओठाला मुंग्या येताहेत. चोविसाव्या दिवशी ताप आला आणि तो उगाच चिडून कोणाकोणाच्या अंगावर जाऊ लागला, पण तसा तो नेहमीच जाई. पंचविसाव्या दिवशी सकाळी त्याने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि घसा असा आवळला गेला की तांब्या अंगणात जाऊन पडला. तो तांब्याकडे बघत राहिला. "हाई काय शे?" तो म्हणाला. दाराची झुळूक आली तरी त्याची मान ताठ होऊ लागली. प्रमिलाबाई कणगीपाशी उभी होती. इतके दिवस ती याचीच वाट बघत होती, हे तिने स्वतःपासून लपवलं नाही. पण वाट बघताना तिने जे डोळ्यांपुढे आणलं होतं ते हे नव्हतं. तिला वाटलं होतं, तो पडेल आणि मरेल. त्याच्या डोळ्यांत ती नानीबाईचीच भीती बघेल असं तिला कधी वाटलं नव्हतं.

निंबाला निरोप गेला. जीपने कौतिकला चोपड्याला नेलं. चष्म्याचा डॉक्टर तिथेच होता. त्याने पेल्यात थोडं पाणी घेऊन लांबूनच दाखवलं आणि लगेच खाली ठेवलं. मग प्रमिलाबाईकडे बघून तो थबकला.

"तुम्ही त्या पाड्यावरच्या बाईबरोबर आला होतात ना?"

"हो."

"मी सांगितलं होतं तुम्हाला."

निंबा तिच्याकडे बघत होता. "मी यांना सांगितलं," ती म्हणाली. "त्याच दिवशी सांगितलं. ऐकलं नाही." यात एक अक्षर खोटं नव्हतं.

जळगावच्या मोठ्या दवाखान्यातही तेच सांगितलं. एका बाजूच्या खोलीत ठेवतो, पण आशा धरू नका. कौतिकचे हातपाय खाटेला बांधले होते. खिडकीला कांबळं लावलेलं. निंबा बाहेरच्या बाकावर रडत होता, म्हातारी त्याच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. प्रमिलाबाई आत बसली होती, कारण बायकोनेच बसायचं असतं.

मधूनमधून तो अगदी शुद्धीवर येई. या रोगाचं क्रूरपण तेच, डोकं शेवटपर्यंत शाबूत राहतं. सव्विसाव्या दिवशी दुपारी तो असाच शांत झाला. लाळ हनुवटीवरून छातीवर उतरली होती. ती पुसायला तिला मनाई होती.

"पमे," तो म्हणाला. नऊ वर्षांत त्याने तिला नावाने हाक मारली नव्हती. "तू सांगेल व्हतं."

तिने खिडकीचं कांबळं सारखं केलं.

"एकडाव सांगं. दुसरीडाव का बरं नही सांगं?"

 साखळीचं नाव घ्यावं, पाठ उघडी करून दाखवावी, असं सगळं तिच्या घशाशी आलं. पण तो उत्तर मागत नव्हता. त्याला ते कळलेलं होतं. त्याने तोंड भिंतीकडे केलं, आणि थोड्या वेळाने पुन्हा ताणायला लागला. रात्री उशिरा तो गेला तेव्हा त्याने दोऱ्या मनगटात हाडापर्यंत रुतवून घेतल्या होत्या.

घरातल्या सगळ्यांना चौदा सुया घ्याव्या लागल्या. प्रमिलाबाई, म्हातारी, निंबा, शिवाय अभिमन आणि बन्सीलाल. चौदा दिवस ही पाच माणसं एकाच एसटीने चोपड्याला जात आणि पोटावर हात धरून परत येत. तिथे अभिमनने निंबाला मांजरीची खरी गोष्ट सांगितली. निंबाने परत येताना वाटेत तिला विचारलं, "वहिनी, तुम्ही काटा म्हणाला होतात."

"त्यांनीच तसं सांगायला लावलं होतं."

हेही खरंच होतं. निंबाने मान हलवली. त्याच्या मनातून ते गेलं की राहिलं, तिला कळलं नाही.

जबऱ्याला निंबानेच, कौतिक गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी, भाकरीत विष घालून मारवलं होतं. डॉक्टर म्हणाला होता, मांजरीने त्याला शिवलं नसेल तर मारायची गरज नाही. पण गाव जमलं होतं आणि गावाला काहीतरी मारायला हवं होतं.

सुया संपल्या, निंबा पिंप्राळ्याला परत गेला, आणि खरा भोग म्हातारीचा सुरू झाला. ती जेवेना. ताट समोर ठेवलं की म्हणे, "मन्ही मनीनी मन्हा पोऱ्या खादा. मीच तिले हळद लावी, मीच ठेवी घरमा." दिवसभर हेच. डोक्यावरचे केस उपटून तिने टाळू लाल केली होती. आल्यागेल्याच्या पाया पडून ती आपलं पाप सांगे. प्रमिलाबाई रोज तिच्यासमोर ताट ठेवी आणि रोज उचलून नेई. पाठ फिरवून ओसरीत बसलेली म्हातारी तिला आठवे, आणि आठ दिवस तेवढ्यावर निभलं. नवव्या दिवशी म्हातारीला उठवायला गेली तर तिचा दंड काडीसारखा हाताला लागला.

ती तिच्याजवळ खाली बसली. "माय, मनीनं काही नही," ती म्हणाली. "माले माहीत व्हतं. सुया घेतल्या तर वाचतात, हे माहीत व्हतं. निंबाभाऊ ऊनथात तवा मी काटा सांगं."

म्हातारीचे ओठ हलायचे थांबले. तिने प्रमिलाबाईच्या तोंडाकडे बघितलं. मग तिने ताट ओढलं. अर्धी भाकरी खाल्ली, सावकाश, एकेक तुकडा पाण्यात बुडवून.

दुसऱ्या दिवशी तिने निंबाला बोलावून घेतलं आणि लुगड्यांचं गाठोडं बांधलं. पिंप्राळ्याला जाते म्हणाली. कारण सांगितलं नाही. निंबाला नाही, शेजारणींना नाही, नंतरही कोणाला नाही. फाट्यावर एसटीची वाट बघताना निंबा पान आणायला टपरीवर गेला, तेव्हा दोघीच उरल्या.

"तुन्ही पाठ दखेल शे मी," म्हातारी रस्त्याकडे बघत म्हणाली. "समदं दखेल शे. मन्हा पोऱ्या वाईट व्हता."

प्रमिलाबाईने गाठोडं उचलून तिच्याजवळ ठेवलं.

"पन तो मन्हा व्हता," म्हातारी म्हणाली. "आते माले तोंड दखाडू नको."

गाडी आली. निंबाने आईला हाताला धरून वर चढवलं, वहिनीला नमस्कार केला. म्हातारी पलीकडच्या खिडकीशी बसली.

गावात बायका म्हणू लागल्या, बघा, विधवा सुनेला एकटी टाकून म्हातारी शहरात सुखाला गेली. त्या प्रमिलाबाईसाठी चटणी-भाकरी घेऊन येत, तिच्याजवळ बसत आणि म्हातारीला बोल लावत. ती त्यांना नको म्हणत नसे. अकराला मळ्यात वीज यायची, केळीला पाण्याची पाळी असायची. तेवढं सांगून ती उठे.